ब्रूममध्ये राहायला किंवा फिरायला येण्याआधी: किंबर्लीच्या किनाऱ्यावर प्रथमच येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

पर्थहून ब्रूमला निघालेले विमान अडीच तास उत्तरेकडे उडत राहते आणि त्यातील बराच वेळ खाली तांबूस, जवळजवळ निर्मनुष्य जमीन दिसत असते. शेवटच्या काही मिनिटांत अचानक खारफुटीचा हिरवा पट्टा आणि फिरोजी रंगाचे पाणी येते, आणि विमान गावाच्या अगदी मध्यावर उतरते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली प्रदेशातील हे किनाऱ्यावरचे मुख्य गाव असून येथील वस्ती सुमारे १५ हजार आहे. रस्त्याने पर्थ येथून २,२०० किलोमीटरहून अधिक दूर आहे, दक्षिणेकडचे पुढचे मोठे गाव पोर्ट हेडलँड सुमारे ६०० किलोमीटरवर, आणि ईशान्येकडचे डर्बी सुमारे २२० किलोमीटरवर आहे. मी रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठी वाढले आणि नवऱ्याच्या नोकरीनिमित्ताने येथे आले, त्याला आता सहा वर्षे झाली. या काळात भारतातून आणि ऑस्ट्रेलियातील मोठ्या शहरांतून आलेली अनेक मराठी कुटुंबे भेटली. त्यांतील ज्यांनी येथील पाऊस आणि समुद्र यांचे वेळापत्रक आधी समजून घेतले, त्यांचे पहिले वर्ष सुखाचे गेले. म्हणून पुढील प्रत्येक पायरी त्या वेळापत्रकाला धरूनच लिहिली आहे.

पहिली पायरी: महिना ठरवणे

येथे बोलीभाषेत वर्षाचे दोनच भाग मानतात. मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ आणि नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाळा. या भूमीचे मूळ रहिवासी असलेले यावुरू लोक मात्र सहा ऋतू मानतात, आणि अनुभवाने सांगते की त्यांची विभागणी अधिक खरी आहे. जून ते ऑगस्ट हा त्यांचा बर्गाना, म्हणजे थंडीचा ऋतू. तेव्हा दिवसा हवा आपल्याकडच्या डिसेंबरसारखी असते आणि पहाटे पांघरूण लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उकाडा साचत जातो, तो लाजा. डिसेंबर ते मार्च हा मानगाला, म्हणजे खरा पावसाळा. नवख्या माणसाला सर्वांत जड जातो तो लाजा, कारण तेव्हा घाम वाळत नाही, ढग जमतात आणि पाऊस मात्र येत नाही. आपल्या कोकणातील मे महिन्याचे शेवटचे पंधरा दिवस दोन महिने लांबवले, तर त्याची कल्पना येईल.

केवळ फिरायला येणाऱ्यांनी मे किंवा सप्टेंबर निवडावा. जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये गाव पर्यटकांनी भरून जाते आणि राहण्याची जागा कित्येक महिने आधी ठरवावी लागते. कायमचे राहायला येणाऱ्यांसमोर अडचण अशी असते की, याच तीन महिन्यांत घरांची टंचाई सर्वाधिक असते, तर घरे मोकळी होऊ लागतात ती नेमकी उकाडा सुरू होताना. नोकरी मे-जूनमध्ये सुरू होणार असेल, तर राहण्याची जागा लेखी पक्की झाल्याशिवाय पर्थमधून निघू नये.

दुसरी पायरी: व्हिसा, कर आणि विमानभाडे

भारतीयांपैकी बरेच जण येथे ४९१ क्रमांकाच्या प्रादेशिक व्हिसावर किंवा नोकरी देणाऱ्याच्या प्रायोजकत्वावर येतात. तरुणांसाठी २०२४ पासून एक नवा मार्ग उघडला आहे. १८ ते ३० वर्षे वयाच्या भारतीयांना ४६२ क्रमांकाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा मिळू शकतो, दर वर्षी एक हजार जागा असतात आणि सोडत काढली जाते. या व्हिसाचे दुसरे वर्ष हवे असेल, तर ठरावीक प्रकारचे काम तीन महिने करावे लागते, आणि उत्तर ऑस्ट्रेलियातील हॉटेल व पर्यटन व्यवसायातील काम त्यात धरले जाते. ब्रूम त्या भागात येते. पगाराच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपून ठेवाव्यात.

येथे वर्षातून किमान १८३ दिवस राहून मुख्य घरही येथेच असणाऱ्यांना दुर्गम भागासाठीची कर-सवलत मिळते. विवरणपत्र भरताना ती मागायची असते. अनेक जण पहिल्या वर्षी विसरतात. तसेच राज्य सरकारने २०२२ पासून प्रादेशिक रहिवाशांसाठी पर्थच्या विमानभाड्यावर मर्यादा घातली असून ब्रूमइतक्या अंतरासाठी ती एका बाजूला २९९ डॉलर आहे. त्यासाठी येथील पत्त्याचा पुरावा लागतो, म्हणून पत्ता बदलण्याचे काम पहिल्याच आठवड्यात उरकावे.

तिसरी पायरी: घर

सरकारी नोकरीत येणाऱ्यांना प्रादेशिक अधिकाऱ्यांसाठीच्या गृहयोजनेतून घर मिळू शकते. खासगी नोकरीत मात्र मुलाखतीच्या वेळीच घराचा विषय काढावा आणि त्यात संकोच करू नये, कारण येथे तो पगाराइतकाच महत्त्वाचा प्रश्न समजला जातो. घर पाहताना खोल्यांची संख्या नंतर मोजावी. प्रत्येक खोलीत छताचा पंखा आहे का, वातानुकूलन यंत्र किती जुने आहे, खिडक्यांना डासांची जाळी शाबूत आहे का, आणि घर वादळाच्या नियमांनुसार बांधलेले आहे का, हे चार प्रश्न आधी विचारावेत. रोबक बे या गावालगतच्या उपसागराच्या खारफुटीजवळ घर असेल, तर उधाणाच्या दिवसांत बारीक चावऱ्या माश्यांचा त्रास होतो. त्यांना येथे मिजेस म्हणतात, आणि त्या डासांच्या जाळीतूनही आत येतात.

चौथी पायरी: सामान आणि स्वयंपाकघर

गावात दोन मोठी सुपरमार्केट आहेत आणि तांदूळ, कणीक, हळद, तिखट, साध्या डाळी तेथे मिळतात. गोडा मसाला, पोहे, साबुदाणा, कुळीथ यांसारख्या गोष्टी पर्थमधील भारतीय दुकानांतून आणाव्या किंवा मागवाव्या लागतात. भारतातून थेट आणताना विमानतळावरील प्रवेशपत्रावर खाण्याची प्रत्येक वस्तू नोंदवावी. नोंदवलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते; लपवलेली सापडली तर मोठा दंड होतो. बिया, ताजी फळे, भाज्या आणि घरगुती दुधाचे पदार्थ आणूच नयेत. पश्चिम ऑस्ट्रेलियाचे नियम तर देशाच्या नियमांहूनही कडक आहेत. नॉर्दर्न टेरिटरीतून गाडीने येणाऱ्यांची कुनुनुराजवळच्या सीमानाक्यावर तपासणी होते आणि फळे, भाज्या, मध तेथेच सोडावे लागतात.

गावातील बहुतेक माल ट्रकने येतो, आणि पावसाळ्यात महामार्गावर पाणी आले की ट्रक थांबतात. आमच्या पहिल्या वर्षी घरसामानाची खोकी अशीच वाटेत अडकली आणि तीन आठवड्यांनी पोचली. त्यांतच कुकर होता, त्यामुळे तेवढे दिवस डाळ उघड्या पातेल्यात शिजवली. त्या वेळी सुपरमार्केटच्या भाजीच्या रांगेत फक्त कांदे आणि आले शिल्लक होते, ते दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. तेव्हापासून नोव्हेंबर लागला की दोन आठवडे पुरेल इतके धान्य, डाळी, दुधाची पावडर आणि नियमित औषधे घरात असतातच. एक सुखद गोष्टही सांगायला हवी. गावात जुन्या घरांच्या परसात आंब्याची झाडे आहेत, आणि नोव्हेंबरच्या सुमारास लोक जादाचे आंबे शेजाऱ्यांना आणून देतात. हापूस नव्हे तो. पण कैरीचे लोणचे उत्तम होते.

पाचवी पायरी: भरती-ओहोटीचे कोष्टक वाचायला शिकणे

या लेखातील एकच भाग वाचायचा असेल, तर हा वाचावा. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची मोठी भरती सुमारे पाच मीटरची असते आणि तेवढ्यावर वर्तमानपत्रांत बातमी येते. ब्रूम येथे उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांतील फरक नऊ-दहा मीटरपर्यंत जातो, आणि डर्बीजवळच्या किंग साउंड या आखातात तो साडेअकरा मीटरच्याही वर जातो. कारण असे की, येथील समुद्रतळ उथळ आणि रुंद आहे, आणि लाट आखूड, निमुळत्या आखातांत शिरताना वर चढत जाते. तीनमजली इमारतीएवढे पाणी सहा तासांत येते आणि पुढच्या सहा तासांत निघून जाते. रोबक बेचा किनारा ओहोटीला इतका मागे सरकतो की क्षितिजापर्यंत चिखलच दिसतो. भरती फिरली की तोच चिखल माणसाच्या चालण्याच्या वेगाने पाण्याखाली जाऊ लागतो.

कोकणातल्या माणसाला यात एक सोय आहे. अमावास्या-पौर्णिमेनंतर दीड-दोन दिवसांनी उधाण आणि अष्टमीच्या मागेपुढे भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, हा आपला हिशेब येथे जसाच्या तसा लागू पडतो. माझ्या स्वयंपाकघरात हवामान खात्याचे भरतीचे कोष्टक आणि मराठी दिनदर्शिका शेजारी शेजारी टांगलेली आहेत. कोष्टकात बहुतेक दिवसांसमोर चार वेळा आणि चार उंची दिलेल्या असतात. वेळ पाहण्याआधी दिवसाच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यांतील फरक पाहावा. फरक आठ मीटरहून अधिक असेल, तर प्रवाह जोरदार असणार हे गृहीत धरून त्या दिवशी खडकांवर, खाड्यांच्या तोंडाशी किंवा लहान होडीतून जाण्याचे बेत आखू नयेत.

हे एकदा जमले, की गावातील पाहण्यासारख्या गोष्टींची किल्लीही हाती येते. गँथॉम पॉइंट येथील तांबड्या खडकांत सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीच्या डायनोसॉरांच्या पाऊलखुणा आहेत, पण त्या अगदी खालच्या ओहोटीलाच उघड्या पडतात. यावुरू लोकांसाठी ती माराला या एमू-पुरुषाची पावले आहेत, त्यामुळे तेथे जपून चालावे आणि काहीही खरवडू नये. ३ मार्च १९४२ रोजी जपानी विमानांनी ब्रूमवर हल्ला केला, तेव्हा जावाहून आलेल्या निर्वासितांनी भरलेली समुद्री विमाने रोबक बेमध्ये जळाली. त्यांचे सांगाडेही वर्षातील मोजक्या मोठ्या ओहोट्यांना चिखलात दिसतात. तेथे चालत जायचे तर ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी निघावे आणि पाणी फिरण्याआधी परतीची वाट धरावी. ते युद्धातील मृतांचे स्थान आहे, म्हणून त्यांवर चढू नये. मार्च ते ऑक्टोबरमध्ये पौर्णिमेच्या सुमारास चंद्र ओल्या चिखलावर उगवतो आणि त्याचा उजेड पायऱ्यांसारखा दिसतो. हे टाउन बीचवरून पाहावे. लहान मुले असतील तर खाली चिखलात उतरू देऊ नये.

केबल बीच हा २२ किलोमीटर लांबीचा किनारा आहे. १८८९ मध्ये जावापर्यंत टाकलेल्या तारायंत्राच्या केबलवरून त्याचे नाव पडले. त्याच्या उत्तर भागात गाडी नेण्याची परवानगी आहे, आणि दर वर्षी कोणाची ना कोणाची गाडी वाळूत रुतून भरतीखाली जाते. गाडी नेताना टायरमधील हवा कमी करावी, ओहोटी चालू असतानाच उतरावे आणि पाणी खडकांपर्यंत येण्याच्या पुष्कळ आधी वर यावे. कासवांच्या अंडी घालण्याच्या काळात तेथे गाड्यांवर निर्बंध असतात. उतारावरचा फलक वाचूनच पुढे जावे.

सहावी पायरी: पाण्यात उतरण्याआधी

साधारण नोव्हेंबर ते मे या काळात पाण्यात बॉक्स जेलीफिश आणि इरुकांजी या विषारी जेलीफिश असतात. इरुकांजीचे शरीर बोटाच्या पेराएवढे आणि जवळजवळ पारदर्शक असते, त्यामुळे ती दिसत नाही. दंशानंतर अर्ध्या तासात कंबरदुखी, ओकाऱ्या आणि घाबरेपणा सुरू होतो. दंश झालेल्या जागी किमान अर्धा मिनिट व्हिनेगर ओतावे, चोळू नये आणि ०००ला दूरध्वनी करावा. या महिन्यांत आम्ही समुद्रस्नान बंदच ठेवतो.

खाऱ्या पाण्यातील मगरींना महिना नसतो. त्या खाड्यांत राहतात, अधूनमधून केबल बीचवरही दिसतात आणि मग किनारा बंद केला जातो. खारफुटीच्या कडेला, खाडीत किंवा नदीपात्रात पाय बुडवू नयेत, पाण्याच्या कडेपासून किमान पाच मीटर दूर राहावे आणि मासे साफ केल्यावर उरलेला कचरा तेथे टाकू नये. नदीचे पाणी स्वच्छ, संथ आणि उथळ दिसणे याचा अर्थ मगर नाही असा होत नाही.

सातवी पायरी: वादळाची तयारी

ब्रूम ते एक्समाउथ हा ऑस्ट्रेलियाचा सर्वाधिक चक्रीवादळे येणारा किनारा आहे. हंगाम १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल असा धरला जातो, पण तयारी ऑक्टोबरमध्ये करायची असते. अंगणातील पत्रे, खुर्च्या, कुंड्या, मुलांच्या सायकली यांची यादी करावी, झाडांच्या वाळक्या फांद्या तोडाव्यात आणि नारळ असतील तर उतरवून घ्यावेत. ताशी दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यात नारळ भिंत फोडतो. घरातील सर्वांत लहान, शक्यतो खिडकी नसलेली खोली निवडून तेथे पिण्याचे पाणी, डबाबंद अन्न, विजेरी, बॅटरीवर चालणारा रेडिओ, औषधे आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पारपत्रे ठेवावीत. विमा याच महिन्यात तपासावा, कारण वादळ जाहीर झाल्यावर नवा विमा मिळत नाही.

इशारे तीन पातळ्यांचे असतात. पिवळा म्हणजे माहिती घेत राहा, नारिंगी म्हणजे आता हालचाल करा आणि लाल म्हणजे जीवाला धोका आहे. नारिंगी इशारा येईपर्यंत तुमची पेट्रोलची टाकी भरलेली आणि अंगण मोकळे असले पाहिजे. वादळाचा डोळा घरावरून जात असेल, तर वारा अचानक थांबतो, कधी आकाशही दिसते. तेव्हा बाहेर पडू नये, कारण थोड्याच वेळात उलट दिशेचा वारा तेवढ्याच जोराने येतो. एप्रिल २०२३ मध्ये इल्सा हे पाचव्या श्रेणीचे वादळ ब्रूम आणि पोर्ट हेडलँड यांच्यामध्ये किनाऱ्यावर आले आणि पार्डू येथील रोडहाऊसची, म्हणजे महामार्गावरील पंप आणि उपाहारगृहाची, नासधूस झाली. त्याआधी जानेवारीत फिट्झरॉय नदीच्या पुराने फिट्झरॉय क्रॉसिंगचा पूल मोडला होता. नवा पूल डिसेंबर २०२३ मध्ये खुला झाला, म्हणजे जवळजवळ वर्षभर किंबर्लीच्या पूर्व-पश्चिम वाहतुकीची घडी विसकटलेली होती. पूर किंवा वादळात घराचे नुकसान झाले, तर आपत्कालीन सेवेचा क्रमांक १३२ ५०० आहे. तो भिंतीवर लिहून ठेवावा.

आठवी पायरी: लांबचा रस्ता

पर्थहून गाडीने यायचे तर तीन दिवस धरावेत आणि सूर्यास्तानंतर गाडी चालवू नये. कांगारू आणि कुंपणाविना चरणारी गुरे संध्याकाळी डांबरावर येतात. भाड्याच्या गाड्यांच्या करारात तर रात्री गावाबाहेर चालवण्यास अनेकदा मनाईच असते. तीन-चार डबे जोडलेले, पन्नास मीटरहून लांब रोड ट्रेन, म्हणजे जोडट्रक, ओलांडताना समोरचा रस्ता एक किलोमीटरहून अधिक मोकळा दिसला पाहिजे. तो समोरून येत असेल, तर वेग कमी करून डावीकडे सरकावे. ब्रूमच्या दक्षिणेला सँडफायर हे रोडहाऊस सुमारे ३२० किलोमीटरवर आहे, आणि वाटेत दुसरे गाव नाही. म्हणून प्रत्येक पंपावर टाकी भरण्याची सवय लावावी.

गाडीत माणशी किमान दहा लिटर पाणी, सुट्या टायरची जोडी आणि छत्री असावी. मोबाइलची रेंज गावाबाहेर काही किलोमीटरवर संपते. आडरस्त्याला जाणार असाल, तर उपग्रह दूरध्वनी किंवा संकटसंदेश देणारे छोटे यंत्र, ज्याला येथे पीएलबी म्हणतात, बरोबर घ्यावे. त्याची सरकारी नोंदणी विनामूल्य आहे. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघू नये. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

येथील तांबड्या मातीला पिंडान म्हणतात. कोरडी असताना ती पिठासारखी उडून कपड्यांत, वहीच्या पानांत, कणकेच्या डब्याच्या झाकणावर बसते. पाऊस पडला की तीच साबणासारखी निसरडी होते. त्यामुळे ओले कच्चे रस्ते प्रशासन बंद करते आणि बंद रस्त्यावर गाडी घातल्यास दंड होतो. डर्बीहून निघणारा ६६० किलोमीटरचा गिब रिव्हर रोड फक्त कोरड्या काळात आणि चारही चाकांना बळ देणाऱ्या गाडीनेच करावा.

नववी पायरी: आरोग्य

गावात रुग्णालय आहे आणि उडत्या डॉक्टरांच्या सेवेचा तळही आहे. मोठी शस्त्रक्रिया किंवा गुंतागुंतीचे बाळंतपण असेल तर पर्थला जावे लागते. उडत्या डॉक्टरांच्या विमानाचे शुल्क सहसा रुग्णाकडून घेत नाहीत, पण या राज्यात साध्या रुग्णवाहिकेचे बिल येते, म्हणून विम्यात रुग्णवाहिका समाविष्ट आहे का ते पाहावे. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचे कार्ड असलेल्यांना उपचारासाठी पर्थला जाण्याचा काही खर्च राज्याच्या रुग्णप्रवास योजनेतून मिळतो. डॉक्टरांची शिफारस निघण्याआधी घ्यावी. भेटीला येणाऱ्या आईवडिलांना मेडिकेअर नसते, त्यांचा प्रवासविमा भारतातूनच घ्यावा. मधुमेह असलेल्यांनी पावसाळ्यात ओल्या मातीत अनवाणी चालू नये आणि हातमोज्यांशिवाय बागकाम करू नये, कारण येथील मातीतील जिवाणूंमुळे मेलिओइडोसिस हा गंभीर आजार होतो आणि मधुमेहींना त्याचा धोका फार अधिक असतो. आपल्या घरोघरी मधुमेही आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

दहावी पायरी: ज्यांची भूमी आहे त्यांच्या रीतीने वागणे

यावुरू लोकांचा या भूमीवरील हक्क न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केला. त्यांच्या भाषेत माबू लियान म्हणजे माणूस, भूमी आणि नातेवाईक यांच्यातील सुसंवादातून येणारी अंतरीची स्वस्थता, आणि हा शब्द गावातील शाळांत, दवाखान्यांत कानावर पडतो. मोत्यांच्या धंद्यासाठी जपान, मलाया, फिलिपिन्स, तिमोर येथून आलेले पाणबुडेही याच गावाचे झाले. जपानी स्मशानभूमीत नऊशेहून अधिक जणांना पुरलेले आहे. तेथे सकाळच्या उन्हात गेलात तर थडग्यांवरची उभी अक्षरे सावलीमुळे स्पष्ट दिसतात, आणि समोर कोणी ना कोणी फुले ठेवलेली असतात.

परवानगीशिवाय कोणाचे छायाचित्र काढू नये, मृत व्यक्तीचे नाव तिच्या नातेवाइकांपुढे उच्चारू नये आणि किनाऱ्यावरून जुनी दगडी हत्यारे किंवा शिंपल्यांचे ढीग हलवू नयेत. डांपियर द्वीपकल्पाकडे जाणारा रस्ता आता डांबरी झाला असला, तरी त्यावरील वस्त्या ही लोकांची घरे आहेत. काही ठिकाणी प्रवेशासाठी परवाना लागतो, काही ठिकाणी शुल्क असते आणि बहुतेक ठिकाणी मद्य नेण्यास मनाई आहे. बीगल बे येथील १९१७ च्या सुमारास बांधलेल्या चर्चची वेदी मोत्यांच्या शिंपल्यांनी मढवलेली आहे, आणि ती पाहायला सव्वाशे किलोमीटर जाणे सार्थकी लागते. मात्र वस्तीत मृत्यू झाला असेल, तर दुखवट्याच्या काळात ती पाहुण्यांसाठी बंद असते, आणि तशी पाटी नेहमीच लावलेली असेल असे नाही. म्हणून निघण्याच्या दिवशी सकाळी वस्तीच्या कार्यालयाला दूरध्वनी करून विचारावे, आणि त्यांनी आज नको म्हटले तर कारण न विचारता दुसरा दिवस मागावा.